तुम्ही विचारलंत म्हणून: पार्ट खराब निघाला तर मजुरी पुन्हा कशाची?

"पार्ट तुम्हीच आणलात, तुम्हीच बसवलात, आठ दिवसांत गेला. मग परत मजुरी कशाची?"

गिझरची कामं करायला लागलो तेव्हापासून हा प्रश्न ऐकतोय. कुणी हसत विचारतं, कुणी मी दारात चपला काढत असतानाच विचारतं. एका सोसायटीच्या ग्रुपवर तर तो माझ्या नंबरासकट विचारला गेला. मी काही त्या ग्रुपमध्ये नाही, त्यामुळे उत्तरंही त्यांची त्यांनीच दिली. ती मला नंतर वॉचमनने दाखवली.

आधी एक हिशेब वेगळा करतो. गॅसकेटमधून पाणी ठिबकलं, वायर ढिली राहिली, कनेक्शन पाइपचा नट नीट बसला नाही, तर ती चूक माझी. त्याचे पैसे मी कधी मागितले नाहीत, मागणारही नाही. भांडण फक्त त्या वेळचं आहे जेव्हा काम चोख झालंय आणि पार्टच मुळात खराब निघालाय. तुम्हाला या दोन्हीत फरक वाटत नाही, कारण दोन्ही वेळेला अंघोळीचं पाणी गारच असतं. हे मला कळतं. पण मला फरक वाटतो.

"मग बसवायच्या आधी तपासून का घेत नाही?" घेतो की. 2000 वॅटचा एलिमेंट, म्हणजे पाणी तापवणारी कांडी, मीटरवर साधारण 26 ओहम दाखवतो, आणि टर्मिनल व वरची तांब्याची नळी यांच्यात काहीच दाखवायला नको. पुण्यात तपकीर गल्लीतल्या इलेक्ट्रिकच्या दुकानात काउंटरवरच मीटर लावून बघतो, दुकानदार तोंड वाकडं करतो तरी. पण माझं मीटर नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालतं आणि एलिमेंट तेव्हा गार असतो. आतल्या तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ठासून भरलेली असते. ती उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते. त्या पुडीत किंचित ओल राहिली असेल, किंवा नळीला केसाएवढी चीर असेल, तर नऊ व्होल्टला त्याचा पत्ता लागत नाही. घरातल्या 230 व्होल्टवर तो एलिमेंट चार वेळा तापला आणि गार झाला की चीर उघडते, पाणी आत शिरतं, एलिमेंट अर्थ मारायला लागतो, म्हणजे वीज नळीत आणि पाण्यात गळते. मग तुमचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लाइट तोडणारा स्विच, पडतो. त्याला 30 मिलीअँपिअरची गळती पुरते. तो पडला म्हणून तुम्ही धडधाकट बाथरूमबाहेर येता, आणि बाहेर येऊन मला फोन करता, "तुम्ही वायरिंगमध्ये काहीतरी घोळ करून गेलात."

टँकर आणि बोअरच्या पाण्याचं तर विचारूच नका. शहराबाहेर वाघोली, उंड्री, पिसोळीकडे उघडलेल्या टाकीतून एवढे क्षार निघतात की बादलीच्या तळाला खडीचा थर बसतो. एलिमेंटवर तो थर चढला की आतली उष्णता पाण्यात जातच नाही, नळी आतल्या आत भाजून फुटते. पण ते वर्षा-दोन वर्षांनी. आठ दिवसांत गेलेल्या एलिमेंटचं खापर मी पाण्यावर फोडत नाही, माझ्या धंद्यातले बरेच जण फोडतात.

आता उंड्रीच्या काकूंचं सांगतो, कारण माझं सगळं म्हणणं तिथेच अडकलंय.

काकू एकट्या राहतात, मुलगा न्यू जर्सीला. त्यांच्याकडे बरीच वर्षं जात होतो. गिझर, मिक्सर, ट्यूब, काय असेल ते. गेल्यावर आधी चहा, मग काम. त्यांच्या गिझरचा एलिमेंट गेला, मी नवीन आणून बसवला. बसवायचा म्हणजे काय ते एकदा बघा: एमसीबी पाडायचा, गिझरला पाणी सोडणारा अँगल कॉक बंद करायचा, पंधरा लिटरची टाकी बादल्यांनी रिकामी करायची, कव्हर उघडून थर्मोस्टॅट बाजूला घ्यायचा, फ्लँजचे, म्हणजे एलिमेंट ज्या चकतीवर असतो तिचे, गंजलेले बोल्ट एकेक करून सोडवायचे, जुना एलिमेंट हलवून हलवून बाहेर काढायचा. मग टाकी धुवायची, नवीन गॅसकेट टाकायचं, समोरासमोरचे बोल्ट आवळत जायचं, पाणी भरायचं, गरम पाण्याच्या नळातून सलग धार येईपर्यंत थांबायचं, आणि मगच बटण दाबायचं. हे सगळं स्टुलावर उभं राहून, डोक्याच्या वर हात करून. दीड तास जातो.

दोनच दिवसांनी फोन. अख्ख्या घराची लाइट जातेय, फ्रीजसकट. गेलो, मीटर लावलं, एलिमेंट अर्थ मारतोय. काढून दुकानात घेऊन गेलो. दुकानदार म्हणाला, "कोरडा चालवलात." म्हणजे पाणी न भरता चालू केला. बघा, तुम्हाला माझा संशय, त्यालाही माझाच संशय. अर्धा तास हुज्जत घातल्यावर त्याने त्याच लॉटमधला दुसरा दिला. पुन्हा तोच दीड तास. त्या वेळी पैसे मागितले नाहीत. काकूंनी विचारलंही नाही.

तो दुसराही गेला.

तिसऱ्यांदा गेलो तेव्हा काकूंच्या हातात मोबाइल होता आणि मोबाइलमध्ये मुलगा. तिकडे रात्र असणार, मागे दिवा लावलेला दिसत होता. आवाज चढवला नाही त्याने, तेच जास्त लागलं. "जरा पार्ट कॅमेऱ्यासमोर धरा. अजून जवळ. बिल आहे? दाखवा." मी स्टुलावर, एका हातात ओला एलिमेंट, दुसऱ्या हाताने खिशात बिल शोधतोय. काकूंचा हात थरथरत होता, त्यामुळे त्याला काही वाचता येत नव्हतं. तो आईला म्हणत होता, "सरळ धर." मग त्याने विचारलं, "आज मजुरी घेणार आहात का?" मी म्हटलं, यायचे तरी द्या, दोन फेऱ्या फुकट झाल्यात. त्यावर तो म्हणाला, "या पार्टवर तुमचं मार्जिन किती?"

खोटं बोलता आलं असतं. म्हटलं, दुकानदार मला थोडे कमी लावतो, साठ-सत्तर रुपये सुटतात.

"मग विकणारे तुम्हीच झालात ना? विकणाऱ्याने माल बदलून द्यायचा आणि बसवूनही द्यायचा."

काकू बादलीकडे बघत होत्या. माझ्या बाजूने एक शब्द बोलल्या असत्या तर… पण त्यांनी का बोलावं? मुलगा त्यांचा, पैसे त्यांचे, तीन दिवस लाइट त्यांची जात होती. मी दुसऱ्या दुकानातून दुसऱ्या कंपनीचा एलिमेंट आणला, पदरचे पैसे घालून बसवला आणि निघालो. चहा झालाच होता, मीच घेतला नाही. तो गिझर बहुतेक अजून चालतोय. काकू आता ॲपवरून माणूस बोलावतात, वॉचमनकडून कळलं.

त्या मुलाच्या बोलण्याला माझ्याकडे अजून धड उत्तर नाही. साठ रुपये मी घेतो, हे खरं. पण साठ रुपयांत दीड-दीड तासाच्या दोन फेऱ्या कुठल्या हिशेबात बसतात? मी ज्यांच्याकडे हाताखाली शिकलो ते म्हणायचे, पार्ट तू आणलास ना, मग त्याचा बाप तूच. तेव्हा मला ते फार पटायचं. आपण जबान देणारी माणसं, असं वाटायचं. आता वाटतं, त्यांचं स्वतःचं दुकान होतं. गल्ल्यावर बसून असं बोलता येतं. आणि तरीही, माझ्या घरी टीव्हीवाला आला आणि मी सांगतोय तेच त्याने मला ऐकवलं, तर मी त्याला पैसे देईन का? बायको म्हणते, तुम्ही तर दारातूनच परत पाठवाल.

माझ्या गिऱ्हाइकांत एक वकील आहेत. त्यांच्या घरी काम करताना हाच विषय निघाला. त्यांनी सांगितलं, 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष माल परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरलीय. बिलावर मुदत लिहिली नसेल तर 30 दिवस धरायचे. मी खूश झालो, म्हटलं उद्याच दुकानदाराला ऐकवतो. ते हसले. "तुम्ही कुठे ग्राहक? पुन्हा विकायला माल घेणारा या कायद्यात ग्राहक नाही." म्हणजे तुम्ही माझ्यावर तक्रार करू शकता, मी दुकानदारावर त्या कायद्याने नाही. त्याच्या बिलावर खाली छापलेलंच असतं, इलेक्ट्रिक मालाला गॅरंटी नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच, फक्त यातला संन्यासी साठ रुपये मार्जिन घेतो.

"ॲपवाले तर वॉरंटी देतात," हे पुढचं वाक्य असतंच. देतात. तिथे काम करणारा माझा एक मित्र आहे. वॉरंटी कंपनीची असते, पण रिपीट कॉल त्याच्या रेटिंगवर पडतो, हे तो सांगतो. तुम्हाला ते दिसत नाही, म्हणून ते स्वस्त वाटतं.

मग मार्जिनच नको, पार्ट तुम्हीच आणून द्या, असंही काही दिवस करून बघितलं. गंमत म्हणजे तुम्ही आणलेला पार्ट गेला तर तुम्ही दुसऱ्या वेळी पूर्ण मजुरी देता, एक शब्द बोलत नाही. पण ऑनलाइन मागवलेल्या फ्लँजची भोकं टाकीच्या भोकांना जुळत नाहीत. एकांनी "पाणी लवकर तापेल" म्हणून 2000 वॅटच्या जागी 3000चा आणला. त्याला 13 अँपिअर लागतात, आणि घरात जुनी बारीक वायर. ते बसवून दिलं असतं तर मजुरी मिळाली असती. दिलं नाही, तर फेरी फुकट. शेवटी पुन्हा मीच आणायला लागलो.

सध्या असं ठरवलंय: महिन्याच्या आत पार्ट गेला तर नवीन पार्ट माझ्याकडून, मजुरी अर्धी. पावतीवर तसं आधीच लिहून देतो. यावरही लोक म्हणतात, अर्धी सोडता म्हणजे अर्धी चूक कबूल आहे ना? आता याला काय बोलणार. परवा एका आजोबांनी अर्धी मजुरी मोजून दिली, माझ्याच हातातली पावती परत मागून घेतली आणि तिच्यावर सुवाच्य अक्षरात लिहिलं: "निषेध नोंदवून अदा." खाली सही, तारीख. मग म्हणाले, दुसऱ्या बाथरूमचा गिझरही आवाज करतोय, रविवारी या.