पथ्याचं पान

पोटाचं दुखणं हे जरा बेअब्रूचंच दुखणं. पाय मोडला तर मित्र प्लास्टरवर सह्या करतात, बीपी वाढलं तर 'कामाचा ताण फार हो' म्हणून लोक आदराने बघतात. पण आतडं रुसलंय म्हटलं की ऐकणारा आधी हसू दाबतो. त्यातून माझं आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, हळव्या आतड्याचं दुखणं. पोट टम्म फुगतं, कळा येतात, आणि रक्ततपासणीपासून सोनोग्राफीपर्यंत सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात. ते नॉर्मल आले तशी घरची सहानुभूतीही आटली.

ठाण्यात राहून फोर्टात नोकरी करणाऱ्याला हे फार नडतं. देशातली पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आली. त्या ३४ किलोमीटरांवर पुढे वीज आली, पंधरा डबे आले, एसी आला. लोकलच्या डब्यात संडास मात्र आला नाही. विक्रोळी गेलं, घाटकोपर यायचंय, आणि पोटात पिळा पडला, की नास्तिक माणूसही कोपिनेश्वराचा धावा करतो. तेव्हा सकाळी काय खायचं, हा माझ्याकडे चवीचा नाही, वेळापत्रकाचा प्रश्न आहे.

डॉक्टरांनी आहाराचा एक कागद हातात ठेवला. लो फॉडमॅप. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी बसवलेली पद्धत आहे ही. फॉडमॅप म्हणजे काही प्रकारच्या साखरा, ज्या लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढून घेतात, पुढे मोठ्या आतड्यातले जंतू त्यांना आंबवतात आणि वायू धरतो. हे सगळ्यांच्याच पोटात होतं; आमचं आतडं हळवं, म्हणून ते बोंब ठोकतं. कागदावर 'टाळा' खाली पहिली नावं कांदा आणि लसूण. मग छोले, राजमा, दूध, गहूसुद्धा. मटकी आणि पाव दोन्ही गेल्यावर मामलेदारच्या मिसळीकडे फक्त रस्त्याच्या पलीकडून बघायचं.

मी चेहरा पाडून बसलो होतो. आई म्हणाली, "लसूण नाही म्हणून रडतोस काय? गणपतीच्या नैवेद्यात कधी लसूण घातलाय मी?"

खरंच की! वरण-भात-तूप, आमसूल-गूळ घातलेली आमटी, भोपळ्याची भाजी, काकडीची कोशिंबीर. कांदेनवमीला घरातला कांदा संपवून आमची आजी पुढचे चार महिने त्याच्याकडे ढुंकून बघत नसे, आणि तिच्या हातचं जेवण कुणालाही आजाऱ्याचं वाटलं नाही. माझा चातुर्मास जरा लांबला, एवढंच. पथ्य म्हटलं की हल्ली ओट्सची खिचडी पुढे येते. तिला खिचडी म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग मीच ओट्याशी उभा राहिलो, आणि कळलं की साध्या जेवणात लपायला जागा नसते. कांदा-लसणाच्या वाटणाखाली कच्ची राहिलेली फोडणी खपून जाते. मुगाच्या गुरगुट्या भातात नाही खपत. मुगाची डाळ मंद आचेवर कोरडी भाजायची, तांबूस व्हायच्या आत, नुसता खमंग वास सुटेपर्यंत. मग धुवायची. आंबेमोहोर तांदूळ डाळीच्या तिप्पट, पाणी सढळ, आणि भात शिजल्यावर पळीच्या पाठीने घोटायचा. तूप बेताचंच, कारण फार स्निग्धही सोसत नाही. त्यात जिरं तडतडलं, फुललं, की लगेच हिंग. जिरं काळं पडलं तर अख्खं पातेलं कडसर लागतं. हिंगाच्या डबीवरची बारीक अक्षरं वाचायची सवय मला यातूनच लागली. बांधानी हिंगात बहुधा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. चिमटीने मला काही होत नाही, पण ज्यांना ग्लुटेन अजिबात चालत नाही त्यांनी बघून घ्यावं.

लसणाचीही एक पळवाट सापडली. त्रास देणारी त्याच्यातली साखर, फ्रुक्टान, पाण्यात विरघळते, तेलात नाही. म्हणून पाकळ्या ठेचून तेलात मंद परतायच्या, सोनेरी झाल्या की शेवटच्या तुकड्यापर्यंत काढून टाकायच्या, आणि मगच पाण्याचा अंश असलेलं काहीही आत घालायचं. वास राहतो, लसूण जातो. काढलेल्या पाकळ्या बायको मिठाला लावून माझ्यासमोर खाते. संसारात हेही चालायचंच.

पातीच्या कांद्याची हिरवी पात चालते, पांढरा कांदा नाही. जांभळी नाक्याच्या भाजीवाल्या मावशींना आता हे पाठ आहे. "दादा, कांदे बाजूच्या ताईंना देऊ?" असं त्या सरळ विचारतात, पैसे मात्र पूर्ण जुडीचेच घेतात. दुधीला मी नख लावलं की त्या ओरडतात. पण कोवळेपणा दुसरा कसा कळणार? घरी आल्यावर एक चकती कच्ची चाखतो. कडू लागली तर दुधी सरळ कचऱ्यात. कडू दुधी विषारी असतो, तिथे काटकसर नको.

बाकी त्रास जेवणाचा नाही, आग्रहाचा. 'एवढ्याशाने काही होत नाही' म्हणणाऱ्याला दुसऱ्या दिवशीची आठ-बाराची लोकल गाठायची नसते.

आणि हे पथ्य जन्माचं नाही, हे कुणी सांगत नाही. काही आठवडे सगळं बंद ठेवून मग एकेक पदार्थ थोडा थोडा परत आणून बघायचा असतो, काय सोसतं, किती सोसतं. बरेच जण पहिल्याच टप्प्यावर मुक्काम ठोकतात आणि वर्षानुवर्षं भाताकडे रागाने बघत राहतात. माझं दूध तपासून झालं. अर्धा कप चहापुरतं जमतं. गव्हाच्या दोन पोळ्या जमतात, तिसरी बोलते. आता पाळी कांद्याची. आईने कालनिर्णयात कांदेनवमी शोधून तिच्यावर गोल करून ठेवलाय. मी म्हणतोय, चमचाभर परतलेला कांदा घेऊन बघू. ती बेसन किती लागेल त्याचा हिशोब करतेय.