तुम्ही विचारलंत म्हणून: मेव्हण्याचं काम मी का सोडलं

लग्नात भेटा, दहाव्याला भेटा, प्रश्न तोच. 'मेव्हण्याला रीतसर निविदेतून काम मिळालं होतं, तुम्ही एक पैसाही घेणार नव्हता. मग ते काम माझ्याकडे नको, असं लेखी का दिलंत?' आता एकदाच सविस्तर सांगतो.

मी जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात शाखा अभियंता आहे. रस्त्याच्या खडीकरणाचा थर दाबून 75 मिमी भरावा लागतो. त्यावर पुढचा थर पडला की खाली 60 होता की 75, हे फक्त मोजमाप पुस्तिका सांगते, आणि ती माझ्या अक्षरात असते. वरचे साहेब तपासतात, पण बिल उभं राहतं ते माझ्या आकड्यांवर.

नोकरीला लागलो तेव्हा मीही म्हणायचो, पैसा घेतला नाही की झालं. तो तरुण माझ्याशी अजून भांडतो. 'परक्या ठेकेदाराची मापं घेतोस, मग मेव्हण्याचीच का नको? स्वतःवर भरवसा नाही?' आहे. पण प्रश्न माझ्या भरवशाचा नाहीच. 1988 चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदासुद्धा लाभ म्हणजे फक्त पैसा, असं मानत नाही. ग्रामपंचायत सदस्याचा ठेक्यात हितसंबंध निघाला आणि पद गेलं, तर तुम्हीच म्हणता, बरं झालं. मग माप लिहिणाऱ्याला वेगळा न्याय का?

पत्र दिलं तेव्हा कार्यकारी अभियंत्यांनी विचारलं, "तुमच्याविरुद्ध तक्रार आलीय का?" नाही म्हटलं. "मग कशाला हे?" मी आवकला नोंद करून पोच घेतली. काम शेजारच्या शाखेच्या अभियंत्याकडे गेलं. त्यांच्याकडे आधीच दोन शाखांचा भार. खडी पसरली, रोलर फिरला, पण मापं घ्यायला ते येईनात. मापं नाहीत म्हणून पुढचा थर नाही, थर नाही म्हणून बिल नाही. रोलरचं भाडं मात्र चालूच. शेवटी मेव्हण्याने आईच्या पाटल्या गहाण ठेवल्या आणि संध्याकाळी घरी आला. चहाला हात लावला नाही.

"दाजी, चोरी केली असती तर समजू शकलो असतो. चला, स्वतः टेप लावून बघा. कुठे कमी भरलं तर बिल मागणार नाही."

मी गेलो नाही. गेलो असतो तर त्या पत्राला काही अर्थच उरला नसता. त्या अभियंत्यांना फोनही केला नाही, कारण मेव्हण्यासाठी घाई करा म्हणणं हीसुद्धा शिफारसच. बायको दारात उभी राहून सगळं ऐकत होती. मला एका शब्दाने बोलली नाही. भावाला डबा भरून दिला. पुढे मापं झाली तेव्हा थर पूर्ण भरला.

त्याचं नुकसान माणसं कमी असल्यामुळे झालं, असं मी सगळ्यांना सांगतो. ते खरं आहे, पण पत्र नसतं तर पाटल्या गहाण पडल्या नसत्या, हेही खरं आहे. पण मीच 75 लिहिलं असतं, तर गावात कुणी विश्वास ठेवला असता? आणि उद्या परक्याचा 60 भरला म्हणून मी 60 लिहिलं, तर तो मला काय म्हणाला असता?

तुम्ही जे विचारत नाही, तेही सांगतो. माझा वर्गमित्र ठेकेदार आहे, भावकीतला एक आहे. त्यांच्यासाठी मी पत्र देत नाही. तालुक्यात ओळखीपाळखीचा नसलेला ठेकेदार मिळायचा कुठून? मेव्हणा रेषेच्या आत आणि वर्गमित्र बाहेर, हे मी कशावरून ठरवलं, ते मला नीट सांगता येत नाही.

मेव्हण्याचा मुलगा यंदा ठेके घेण्यासाठी सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करतोय. त्याचं काम माझ्या शाखेत आलं तर पुन्हा पत्र देणार, हे त्याला आत्ताच सांगितलं आहे. बायकोचं म्हणणं, पत्र नको, त्याआधी बदलीच मागून घ्या. त्यावर आमचं अजून एकमत नाही.