लॉ स्कूल काढताना आधी काय बांधायचं?

ऑगस्ट २०२५ मध्ये वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाने नवी लॉ कॉलेजं काढायला तीन वर्षांची मनाई केली, तेव्हा आमच्या बाररूममध्ये कुणालाच फारसं वाईट वाटलं नाही. मला मात्र एका खाजगी विद्यापीठातल्या बैठका आठवल्या. त्यांचं लॉ स्कूल याआधीच सुरू झालं. अभ्यासक्रम ठरवताना प्रॅक्टिस करणारं कुणीतरी हवं, म्हणून मला बोलावलं होतं.

पहिल्या बैठकीत अभ्यासक्रम नव्हताच, नकाशे होते. मूट कोर्टचा, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सराव-खटल्यांचा, हॉल तर बघत राहावा असा. उंच डायस, लाकडी कठडे, गादीच्या खुर्च्या. (आमच्याकडे पक्षकाराला टेकायला बाकडं मिळालं तरी नशीब.) मूट कोर्ट हवंच, नियमांतच आहे ते. विद्यापीठाने पदवी कितीही थाटात दिली तरी कौन्सिलची मान्यता नसेल, तर त्या पदवीवर सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळत नाही. त्यामुळे तपासणीत दिसेल ते आधी बांधायचं, हे मी समजू शकते.

खरा वाद झाला तो शिकवणार कोण यावर. माहितीपत्रकात शोभतील अशा परदेशी पदव्या त्यांना हव्या होत्या. माझं म्हणणं, संविधान आणि न्यायशास्त्र त्यांनी खुशाल शिकवावं. सीपीसी (दिवाणी प्रक्रिया संहिता) आणि पुरावा कायदा मात्र रोज कोर्टात उभं राहणाऱ्याकडे द्या. पूर्णवेळ पगारी प्राध्यापकाला वकिली करता येत नाही, पण वकिलाला दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवता येतो. १९७९ पासून तसा नियमच आहे. समितीतल्या निम्म्या लोकांनी तो तेव्हा पहिल्यांदा ऐकला!

दुसरा मुद्दा कोर्ट भेटीचा. २००८ च्या नियमांप्रमाणे मूट कोर्टला ३० गुण असतात, तितकेच एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला बघून नोंदी ठेवायला. ह्या नोंदी बहुतेक ठिकाणी मागच्या बॅचच्या वहीतून उतरवल्या जातात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. खरोखर दिवसभर बसलं तर पोराला कळतं की समन्स बजावून आलं नाही, तर साक्षीदार दारात असून काही होत नाही. मुदतीचा अर्ज येतो, रोजनाम्यात दोन ओळी पडतात आणि पुढची तारीख लागते. सीपीसीतली समन्सबद्दलची ऑर्डर ५ पाठ करून हे कळत नाही.

म्हणून मी वेळापत्रकात आठवड्यातला एक अख्खा दिवस कोर्टासाठी मागितला, आणि त्यासाठी बस. हिशेब बघणाऱ्या गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, हा खर्च कुठल्या हेडखाली टाकू?"

"इंजिनीअरिंगची प्रयोगशाळा टाकता ना, तिथेच."

बस मिळाली. पण फक्त चौथ्या आणि पाचव्या वर्षासाठी, त्यामुळे माझे अर्ज अजून चालूच आहेत.