काळ्या राखेतली पांढरी द्राक्षं : लान्सारोतेची माल्वासिया

आधीच सांगतो, लान्सारोतेला, म्हणजे स्पेनच्या कॅनरी बेटांपैकी एका बेटावर, लोक जातात ते बीचसाठी. युरोपातल्या थंडीला वैतागलेली मंडळी हिवाळ्यात तिथे येऊन लालबुंद होईपर्यंत उन्हात पडतात, आणि त्यात काही वाईट नाही. पण मी निफाडकडचा माणूस, घरची द्राक्षबाग, सध्या नोकरीमुळे माद्रिदला. कुठेही गेलो तरी डोळे आधी वेली शोधतात आणि बायको कपाळाला हात लावते. यावेळी तर मुद्दाम जुलैच्या शेवटी तिकिटं काढली, कारण तेव्हा तिथे द्राक्षतोड चालू असते. युरोपात सगळ्यात आधी तोड सुरू होणाऱ्या जागांपैकी ही एक, बाकी स्पेनमधे तेव्हा घड अजून आंबट असतात.

माद्रिदहून अरेसिफेला विमानाने जवळपास तीन तास. म्हणायला स्पेन, पण नकाशात बघितलं तर हे बेट आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून फक्त सव्वाशे किलोमीटरवर आहे, घड्याळसुद्धा माद्रिदच्या एक तास मागे. विमानतळाबाहेर पडलं की वारा अंगावर येतो आणि मग तो परत जाईपर्यंत थांबतच नाही. ईशान्येकडून येणारे हे व्यापारी वारे, तिथले लोक त्यांना आलिसिओस म्हणतात. टोपी घालायचा विचार पहिल्याच तासात सोडून दिला.

गाडी भाड्याने घेतली आणि एलझेड-३० नावाचा रस्ता धरला, जो ला हेरिया नावाच्या भागातून जातो. हा रस्ता म्हणजे काय प्रकार आहे ते फोटोत अर्धंच कळतं. दोन्ही बाजूंना डोंगराच्या चढापर्यंत काळी बारीक खडी, त्यात हजारो गोल खड्डे, प्रत्येक खड्ड्याच्या वाऱ्याकडच्या काठावर गुडघाभर उंचीची दगडी अर्धगोल भिंत, आणि खड्ड्याच्या तळाला एकच हिरवागार वेल, तोही उभा नाही, जमिनीवर पसरलेला. मंडप नाही, तार नाही, अँगल नाही. आमच्याकडे एकरी लाखो रुपये नुसत्या मंडपात जातात, इथे मंडपाच्या जागी खड्डा!

आता हे झालं कसं ते सांगतो, कारण त्याशिवाय या द्राक्षाचं काहीच कळत नाही. १ सप्टेंबर १७३० च्या रात्री तिमानफाया भागात जमीन फाटली आणि ज्वालामुखी सुरू झाला. त्याच वर्षी जानेवारीत पुण्यात शनिवारवाड्याचा पाया घातला गेला होता. वाडा १७३२ मधे बांधून झाला, वास्तुशांत झाली, बाजीराव राहायलासुद्धा आले, आणि इकडे हा ज्वालामुखी चालूच. थांबला तो एप्रिल १७३६ मधे. याइसा गावच्या पाद्र्याने, आंद्रेस लोरेन्सो कुर्बेलोने, जे दिसलं ते लिहून ठेवलं म्हणून आज आपल्याला सुरुवातीच्या तारखा माहिती आहेत. जवळपास दोनशे चौरस किलोमीटर, म्हणजे बेटाचा चौथा हिस्सा लाव्ह्याखाली गेला. गावंच्या गावं गाडली गेली, चांगली धान्य पिकवणारी जमीन गेली, कित्येक लोक बोटीत बसून शेजारच्या ग्रान कानारियाला निघून गेले.

जे राहिले त्यांच्या हळूहळू एक गोष्ट लक्षात आली. लाव्ह्याचा खडक पडला तिथे काही होणार नव्हतं, पण जिथे नुसती राखेची खडी पडली होती, तिथे खाली जुनी माती ओलसर राहत होती. या खडीला बेटावर रोफे म्हणतात. हलकी, सच्छिद्र, हातात घेतली तर वजनच लागत नाही. पाऊस पडला की पाणी क्षणात खाली जातं आणि वरचा कोरडा थर ते उन्हा-वाऱ्याला परत उडू देत नाही. मग लोकांनी खडी उपसून खड्डे केले, काही ठिकाणी दोन-तीन मीटर खोल, खालची माती लागेपर्यंत, आणि तिथे वेल लावले. रात्रीचं दव रोफे शोषून घेते असंही प्रत्येक गाइड सांगतो, थोडंफार होतही असेल, पण मला विचाराल तर खरं काम बाष्पीभवन थांबवण्याचं. आपण मल्चिंग पेपर अंथरतो ना, त्याचंच काम. पुढे लोक बैलगाड्या-उंटांवरून ही खडी आणून बाकीच्या शेतातसुद्धा पसरायला लागले, तिथला कांदा आणि रताळी आजही अशाच काळ्या थराखाली येतात.

आणि पाऊस किती, तर वर्षाला साधारण दीडशे मिलीमीटर. तोही आला तर.

तिथूनच आप्पांना व्हिडिओ कॉल लावला. मोबाईल फिरवून खड्डे दाखवले. आप्पा बराच वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, "ठिबक कुठंय?"

"नाहीये आप्पा. जुन्या खड्ड्यांना पाणीच देत नाहीत."

"मग झाडं किती बसली एकरी?"

मी हिशोब करून सांगितलं, हेक्टरी तीनशेच्या आसपास म्हणजे एकरी शंभर-सव्वाशे. आमच्याकडे नऊ बाय पाच फुटांवर एकरी नऊशे-हजार बसतात. त्यावर आप्पांचा चेहरा असा झाला की मी काहीतरी अपशब्द बोललो. "आणि माल?" चांगलं वर्ष असलं तर हेक्टरी दीड टनाच्या आसपास, म्हणजे एकरी पाच-सहा क्विंटल. "अरे मग ते जगतात कशावर?" हा प्रश्न मात्र बरोबर होता. उत्तर असं की तिथे द्राक्षाला किलोमागे मिळणारा भाव स्पेनच्या बाकी भागांपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि बऱ्याच लोकांची शेती ही शनिवार-रविवारची, पोट हॉटेल नाहीतर टॅक्सीवर चालतं.

तोड बघायला पहाटे गेलो. ट्रॅक्टर आत जाऊच शकत नाही, मशीनचा तर विषयच नाही. माणूस रोफेच्या उतारावरून खड्ड्यात उतरतो, पाय घोट्यापर्यंत रुततो, वाकून, कधी चक्क गुडघ्यावर बसून पानाखालचे घड कापतो, भरलेला क्रेट खांद्यावर घेऊन त्याच निसटत्या उतारावरून वर येतो. मी एकदा रिकाम्या हाताने चढून बघितलं, दोन पावलं वर तर एक खाली. पूर्वी माल वाहायला उंट असायचे. बरं तोडीपुरतंच नाही, वर्षभर वारा आणि उतार मिळून खडी खड्ड्यात ढकलत राहतात, ती फावड्याने वर काढायची, भिंतीचे पडलेले दगड परत रचायचे. भुरी हा बुरशीचा रोग इथेही येतो, त्यामुळे गंधकाची धुरळणी चुकत नाही. डाऊनी या दुसऱ्या रोगाचा त्रास कमी, एवढंच सुख.

आता द्राक्षाकडे येतो. माल्वासिया हे नाव भूमध्य समुद्राच्या आजूबाजूला ढीगभर वेगवेगळ्या द्राक्षांना चिकटलेलं आहे, त्यामुळे नावावर जाऊ नका. लान्सारोतेची जी आहे ती माल्वासिया व्होल्कानिका, आणि डीएनए तपासणीत असं दिसलं की ती कॅनरी बेटांवरचाच नैसर्गिक संकर आहे. एक पालक माल्वासिया आरोमातिका, म्हणजे जिच्या गोड वाईनमुळे काही शतकांपूर्वी कॅनरीचं नाव पार इंग्लंडच्या दरबारात गाजलं ती, आणि दुसरं मार्माहुएलो नावाचं तिथलंच एक दुर्मिळ पांढरं द्राक्ष. कुणी प्रयोगशाळेत केलेलं नाही, कधीतरी कुठल्यातरी बागेत आपोआप झालं. इतर कॅनरी बेटांवर थोडीफार सापडते, पण तिचं खरं घर लान्सारोते, तिथल्या बहुतांश बागा तिच्याच आहेत.

घड बघितला तर थॉम्पसन ही खायची द्राक्षं पिकवणाऱ्या माणसाला हसू येईल. छोटा, मणी गोल, पिकल्यावर पिवळसर सोनेरी. मणी फुगवायचं जीए संप्रेरक नाही, त्यात घड बुडवायचं डिपिंग नाही, मण्याची साइज किती एमएम हा प्रश्नच नाही. वेल मात्र दणकट, काहींची खोडं मांडीएवढी. आणि हे वेल स्वतःच्याच मुळांवर उभे आहेत. आमच्याकडे क्षार आणि पाण्याच्या ताणामुळे डॉगरिज नावाच्या खुंटावर कलम करतात. युरोपात कलम करतात ते फायलोक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीमुळे, तिने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी फ्रान्स-स्पेनच्या बागा आडव्या केल्या होत्या. लान्सारोतेच्या या जुन्या वेलींना तिची झळ लागली नाही, मधे समुद्र होता. पण २०२५ मधे कॅनरीतल्याच तेनेरिफे बेटावर ती सापडली आणि तेव्हापासून सगळ्या बेटांवरचे बागायतदार धास्तावलेत. काडी, रोप एका बेटावरून दुसऱ्यावर न्यायचं नाव काढलं तरी लोक भडकतात.

चवीचं सांगतो. पहिला ग्लास सेको, म्हणजे कोरडी, गोडवा नसलेली वाईन, आम्ही एल ग्रिफोमधे घेतला. ही कॅनरीतली सगळ्यात जुनी वायनरी, १७७५ सालची, जुन्या इमारतीत लाकडी प्रेसचं म्युझियम आहे आणि लोगो सेसार मान्रिके या तिथल्याच कलाकाराने काढलेला, ज्याच्या हट्टामुळे या बेटावर उंच हॉटेलांची रांग उभी राहिली नाही. रंग फिका, वास अजिबात अंगावर येत नाही. ज्यांना सोव्हिन्यो ब्लां या पांढऱ्या वाईनचा तो हिरवा झणझणीत वास आवडतो त्यांना पहिल्या मिनिटाला वाटेल की यात काही नाहीच. थोडं थांबा, ग्लास जरा गरम होऊ द्या. मग लिंबाची साल, पीच, पांढऱ्या फुलांचा हलका वास, कुठेतरी बडीशेप, आणि घोट गिळल्यावर जिभेच्या कडांना स्पष्ट खारटपणा. तो खारटपणा हीच तिची ओळख. आंबटपणा नेमका, एवढ्या उन्हात पिकूनही वाईन जड होत नाही.

इथे प्रत्येक टेस्टिंगला 'ज्वालामुखीची चव' हा डायलॉग येतो. मला तो पटत नाही. मुळं काही दगडाची चव नळीने ओढल्यासारखी वर नेत नाहीत, हे शास्त्रज्ञही बजावून सांगतात. शिवाय रोफे वरच्या थरात, मुळं खालच्या जुन्या मातीत, मग ज्वालामुखीची चव येणार कुठून? खारटपणात समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याचा हात असेल, तहानलेल्या वेलाचा असेल, बारक्या मण्यांचा असेल. ज्वालामुखीने दिलंय ते पाणी, चव नाही. मी हे बोललो तर ओतणारी पोरगी हसली आणि म्हणाली, तुम्ही शेतकरी आहात का?

जेवायला मीठ लावून सालासकट उकडलेले छोटे बटाटे, पापास आरुगादास, सोबत लाल आणि हिरवा मोहो, म्हणजे मिरची-लसणाची आणि कोथिंबिरीची चटणीच म्हणा. त्याबरोबर भाजलेल्या धान्याचं गोफियो नावाचं पीठ, थेट आपलं सातूचं पीठ, बायकोने दोन पाकिटं उचलली. कोरडी माल्वासिया या बटाट्यांबरोबर आणि बकरीच्या चीजबरोबर अशी काही जमते की दुसरं काही मागवायची गरज पडली नाही. लाल मोहो फार तिखट असेल तर सेमिदुल्से म्हणजे अर्धगोड घ्या, आपल्या जिभेला ती सोपी जाते, पण मला ती ना इकडची ना तिकडची वाटली. गोड मात्र वेगळंच प्रकरण. जुन्या गोड माल्वासियाचा चमचाभर घोट दिला होता, मध, सुकं अंजीर, संत्र्याची साल, आणि खालून तोच आंबटपणा धरून ठेवतो म्हणून किळस येत नाही.

संध्याकाळी उगा (Uga) गावाकडच्या वाटेने थोडं चाललो तर बरेच खड्डे रिकामे दिसले. भिंत पडलेली, खडीने निम्मा खड्डा भरून आलेला, वेलाचं वाळकं खोड. कोरडी वर्षं लागोपाठ आली की असं होतं, आणि मुलं हॉटेलात नोकरीला गेली की फावडं धरायला कोण. लोक या लँडस्केपचे ड्रोन शॉट काढतात, पण हे शेत आहे आणि राबणारं माणूस नसेल तर वारा ते बुजवून टाकेल, त्याला फार वर्षं लागणार नाहीत. म्हणून बाटली महाग वाटली तरी मी घासाघीस केली नाही, जी मी एरवी करतोच.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात. गाडी हवीच, बस या रस्त्यावर भरवशाची नाही. एकाने न पिता गाडी चालवायची, पोलिस सोडत नाहीत. सकाळी लवकर जा, दुपारी टूर बस येतात. खड्ड्यात फोटोसाठी उतरू नका, तुमचं एक पाऊल म्हणजे त्याची अर्धी घमेली खडी परत वर. सेको घेतली तर वर्ष-दोन वर्षांत प्या, फ्रीजमधून काढून दहा मिनिटं बाहेर ठेवा. आणि भारतात येताना माणशी दोन लिटरच ड्युटी फ्री चालतं हे लक्षात ठेवा. सेकोच्या साडेसातशे मिलीच्या दोन आणि गोडची अर्ध्या लिटरची एक, बरोबर दोन लिटर होतात, मी काउंटरवर मोबाईलमधे बेरीज करूनच पैसे दिले. बायकोच्या नावावर अजून दोन लिटर होते, पण तिने बॅगेत गोफियो भरलं.