टी सेल आणि आईचा मॅचिंग ब्लाउजपीस

गेल्या पावसाळ्यात चार दिवस तापाने आडवी होते. डॉक्टर म्हणाले व्हायरल आहे, पॅरासिटामॉल घ्या, पाणी प्या, झोपा. झोप काही लागेना, मग पडल्या पडल्या मोबाइलवर वाचत बसले की ही आतली लढाई नेमकी चालते कशी आणि लोक तिचं कॉम्प्युटरवर मॉडेल कसं करतात, आणि वेडच लागलं.

मला वाटायचं अंगात सायरन वाजतो आणि पेशी सरळ जाऊन व्हायरसवर तुटून पडतात. तसं नसतं हो! टी सेल म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींतला एक प्रकार, आणि एखादा ठरावीक व्हायरस ओळखणारी कोरी, म्हणजे अजून कोणाशी न भिडलेली, टी सेल असते लाखात नाहीतर दहा लाखांत एक. २०११ च्या जनगणनेत मुंबई होती १ कोटी २४ लाख, म्हणजे दहा लाखांत एक धरलं तर कुलाब्यापासून पार दहिसर-मुलुंडपर्यंत मिळून १२ माणसं, आणि त्यांचा फोन नंबर कोणाकडेच नाही. या सेल लिम्फ नोडमध्ये भटकत असतात, म्हणजे आजी 'अवधाण आलं' म्हणायची ना त्या काखेतल्या-जांघेतल्या गाठी. वेग मिनिटाला १० मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास, स्वतःच्या अंगापेक्षा जरासा जास्त. तिथे डेंड्रिटिक सेल, म्हणजे पहारेकरी पेशी, व्हायरसचे तुकडे घेऊन येतात, आणि भटकता भटकता जिची गाठ पडली ती टी सेल मग भराभर स्वतःच्या कॉपीज काढते. यातच दिवस जातात, तोवर आपण कण्हत असतो.

मग या कॉपीज बाहेर पडून पुन्हा शोधायला लागतात, आता आजारी पेशी. २०१२ साली उंदरांच्या मेंदूतल्या टी सेलचा माग काढला तेव्हा दिसलं की त्या थोडा वेळ एकाच भागात घुटमळतात आणि मधूनच लांब उडी मारतात (तिथे व्हायरस नव्हता, टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी होता, पण मुद्दा शोधण्याचा आहे). याला लेव्ही वॉक म्हणतात. हे वाचून मला हसूच आलं कारण आई मॅचिंग ब्लाउजपीस अस्साच शोधते, रानडे रोडला चार दुकानं तीच तीच पालथी घालणार आणि मग एकदम टॅक्सी करून हिंदमाता.

ताप उतरल्यावर मी पायथॉनमध्ये १०० बाय १०० ची जाळी केली, लाल ठिपके आजारी पेशी, पिवळे टी सेल. पहिल्या रनला सगळे पिवळे कडेलाच चिकटले, आत सरकतच नव्हते, विरार लोकलच्या दारातली गर्दी जशी. चूक माझीच, कडेचा हिशोब विसरले होते. ते सुधारल्यावर एक गंमत दिसली. २० लाल ठिपके एकाच जागी ठेवले तर आग फक्त कडेकडेने पसरते, तेच २० विखरून टाकले की भडकाच उडतो आणि पिवळे नुसते धावत सुटतात. नंतर कळलं, न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या मंडळींनी २०२१ मध्ये 'सिमकोव्ह' नावाचं कोरोनाचं मॉडेल केलंय त्यातही हेच, सुरुवातीला किती ठिकाणी लागण झाली यावर व्हायरस किती चढणार ते बरंचसं ठरतं. माझं मॉडेल त्यापुढे खेळणंच, त्यावरून काही सिद्ध होत नाही.

आणि अशा जाळीऐवजी नुसत्या समीकरणांवर चालणाऱ्या साध्या मॉडेलना नावं ठेवू नका हं. त्यांच्यात जागा-बिगा काही नसते, तरी १९९६ साली ॲलन पेरेल्सन, डेव्हिड हो वगैरे शास्त्रज्ञांनी त्यातूनच काढलं की एचआयव्हीच्या रुग्णात रोज साधारण १००० कोटी नवे कण तयार होतात आणि रक्तातले निम्मे सहाएक तासांत जातात. म्हणजे बाहेरून वर्षानुवर्षं शांत वाटणाऱ्या आजारात आत केवढी मारामारी!

परवा आई चहा घेऊन आली, स्क्रीनकडे बघत म्हणाली, "हे लाल म्हणजे तुझा ताप ना? मग पिवळे पहिल्यापासूनच जास्त टाक की." म्हटलं अगं लस तेच तर करते. टाकले, पिवळे २० चे २०० केले, चहा संपायच्या आत स्क्रीन साफ.