कोळ्याच्या पिल्लाला काय खायला घालू?

रविवार, रात्री साडेदहा

आजची अख्खी दुपार किडे निवडण्यात गेली. लेकाच्या हट्टापायी घरात आलेलं टॅरेंटुलाचं, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याचं पिल्लू 'कर्ली हेअर' जातीचं आहे, मूळ मुलूख कोस्टा रिका, निकाराग्वाकडचा. मादी निघाली तर वीसेक वर्षं जगेल म्हणे, म्हणजे लेक शिकून घराबाहेर पडला तरी हिची उठाबस मलाच. सध्या मात्र पाय पसरले तरी माझ्या अंगठ्याच्या नखावर मावतं. पोट जेमतेम साबुदाण्याएवढं.

इथे इंग्लंडात, लीड्समधल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात एक अख्खी भिंत किड्यांच्या डब्यांची आहे. रातकिडे, झुरळं, टोळ, अळ्या, पंख असून न उडणाऱ्या फळमाश्या. दुकानातला पोरगा प्रथिनं किती, चरबी किती हे सांगायला लागला. ते ठीकच. पण एवढ्याशा जिवासाठी माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: हा किडा उलटला तर पिल्लाचं काय करेल? पोषणाचं त्यानंतर बघू.

या प्रश्नात रातकिडा पहिल्या फेरीतच बाद होतो. सगळे तोच घेतात, स्वस्त आहे, बारीकातल्या बारीक आकारात मिळतो, हे खरं. पण तो काहीही कुरतडतो. कोळी कात टाकताना उताणा पडतो आणि नंतरही बराच वेळ त्याचं अंग मऊ असतं. सुळेसुद्धा आधी पांढरे असतात, मग लालसर होतात आणि काळे होऊन टणक व्हायला काही दिवस जातात. अशा वेळी बिळात एखादा उपाशी रातकिडा राहून गेला तर कोण कुणाला खाईल सांगता येत नाही. शिवाय डब्यात ते पटापट मरतात आणि जो वास सुटतो तो सुटतोच.

लेकाला झुरळं हवी होती. 'रेड रनर' नावाची, नावाला जागणारी. भाड्याच्या घरात मी ती आणणार नाही. विषय संपला.

फळमाश्या बिचाऱ्या निरुपद्रवी. पण आमच्या पिल्लाच्या मानाने त्या अगदीच चिमुकल्या, एका जेवणाला पाच-सहा लागतील. आणि झाकण उघडलं की सगळ्या काचेवरून वर धावत सुटतात. पिल्लू याहून लहान असतं तर त्याच घेतल्या असत्या.

टोळांपाशी मात्र मी थबकले. डब्यावर शिस्टोसर्का ग्रेगेरिया असं लिहिलेलं. म्हणजे वाळवंटी टोळ, मे २०२० मध्ये अमरावती, वर्धा, नागपूरकडे ज्याची धाड आली होती तोच. इथे तो डझनाच्या हिशेबाने विकतात! तिथूनच अमरावतीकडच्या मोर्शीला आईला व्हिडिओ कॉल लावला आणि डबा दाखवला.

"अवं बाई, आम्ही थाया वाजू वाजू हाकलले ते टोय, अन् तू पैसे देऊन आनतं का?"

मग तिने अंगणातले किडे धरायचा सल्ला दिला. फुकटात. तिला म्हटलं, आई, बाहेरच्या किड्याने कुठल्या फवारणीतलं काय खाल्लंय कुणास ठाऊक, आणि एवढ्याशा कोळ्याला तेवढंही पुरे होईल. संत्र्याच्या बागेवर आयुष्यभर फवारणी बघितलेल्या बाईला यापुढे काही समजवावं लागलं नाही. टोळ तसा खाऊ म्हणून उत्तम. पिल्लाच्या वाटेला जात नाही, मातीत दडून बसत नाही. पण सगळ्यात लहान टोळसुद्धा आमच्या पिल्लाएवढा निघाला, आणि पोटापेक्षा मोठं भक्ष्य द्यायचं नाही हा नियम मी मोडत नाही.

शेवटी मीलवर्मच घेतले, कोंड्यात वळवळणाऱ्या त्या पिवळ्या अळ्या. जिवंत सोडली तर अळी मातीत शिरते आणि मग तिथेच तिचा कोश, कोशाचा भुंगा. म्हणून मी ती सोडतच नाही. आधी डोकं चिरडायचं, मग ब्लेडने तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा करायचा. कापल्या जागी पांढरट रस येतो. तो तुकडा चिमट्याने बिळाच्या तोंडाशी ठेवायचा आणि दिवा मालवायचा. पिल्लाला मेलेलं चालतं. कोळी तसाही घास गिळत नाही, पाचक रस सोडून भक्ष्य विरघळवतो आणि शोषून घेतो. मागच्या वेळी मोबाईलच्या उजेडात बघितलं होतं. आधी एक पाय बाहेर आला, तुकड्याला नुसता टेकला, मागे गेला. मग दोन पाय आले आणि तुकडा आत. सकाळी मातीवर उरलेल्या चोथ्याची खसखशीएवढी काळी गोळी पडलेली. ती लगेच उचलायची, नाहीतर बुरशी धरते.

लेक रुसलाय. "यात शिकार कुठे आहे?" त्याचं चूक नाही, त्याला झडप बघायची आहे. पण झडप घालायला पिल्लू आधी मोठं झालं पाहिजे. मेणअळी तरी घे म्हणाला, ती गुबगुबीत दिसते म्हणून. तिच्यात चरबीच फार. कधीमधी ठीक, रोजच्या ताटात नको.

एवढं करून घरी आलो तर पिल्लाने बिळाचं तोंड मातीने लिंपून घेतलंय. काचेतून पोट दिसतं, काळपट, तुकतुकीत, ताणलेलं. कात टाकणार, दुसरं काय. आता ते बाहेर येऊन, सुळे काळे होईपर्यंत खाणं बंद. मातीचा एक कोपरा तेवढा ओला ठेवायचा. लेकाला उकरून बघायचं होतं, डबीला हात लावू दिला नाही.

अळ्या फ्रिजच्या दारात ठेवल्यात. थंडीत त्या मंदावतात आणि कित्येक आठवडे टिकतात. नवऱ्याचं म्हणणं, कोथिंबिरीशेजारी नको. डब्यावर मोठ्या अक्षरात 'अळ्या' लिहून चिकटवलंय, तरी तो ऐकायला तयार नाही. उद्या कोथिंबीरच हलवते.