इशारा कोण देतो?

देव प्रीती आहे, असे योहान आपल्या पहिल्या पत्रात लिहितो, आणि ज्या पवित्र शास्त्रात हे वाक्य आहे त्याच शास्त्रात विनाश, न्याय आणि नरक यांविषयीचे कठोर इशारेही आहेत. प्रीती करणारा देव असे धाक का घालतो, या प्रश्नावर विचार करताना मला शास्त्रातील योना या संदेष्ट्याचे पुस्तक सर्वांत उपयोगी वाटते.

देवाच्या आज्ञेवरून योनाने निनवे या अश्शूरी लोकांच्या मोठ्या नगरात दिलेला संदेश अगदी त्रोटक आहे: ४० दिवसांनी हे नगर उलथून पडेल. ‘पश्चात्ताप केलात तर वाचाल’ अशी अटसुद्धा त्यात नाही. तरीही राजापासून सामान्य माणसापर्यंत सर्वांनी उपास केला, पश्चात्तापाची खूण म्हणून जाडेभरडे गोणताट नेसले, आणि देवाने सांगितलेले अरिष्ट आणले नाही. ज्याला केवळ नाशच करायचा असतो तो आधी मुदत जाहीर करत नाही. ती मुदत हीच दया होती. योनाला हे पुरते ठाऊक होते, आणि म्हणूनच तो आधी निनवेला न जाता दूरच्या तार्शीशकडे पळाला होता. तू कृपाळू आणि मंदक्रोध आहेस हे मला माहीत होते, असे तो चौथ्या अध्यायात देवाला चक्क तक्रारीच्या सुरात सांगतो. भाकीत खरे न ठरल्याचा राग संदेष्ट्याला आला. देवाला मात्र नगर वाचायलाच हवे होते, कारण तेथे उजवाडावा हात न कळणारी १,२०,००० हून अधिक माणसे होती, आणि (हा तपशील मला फार आवडतो) पुष्कळ जनावरेही होती.

यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ३३व्या अध्यायात हेच उघडपणे येते. तलवार येताना पाहूनही पहारेकऱ्याने कर्णा फुंकला नाही, तर मेलेल्याच्या रक्ताचा जाब त्याला द्यावा लागतो, म्हणजे तेथे अपराध गप्प राहण्याचा आहे. दुष्टाच्या मरणाने मला संतोष होत नाही, असे देव स्वतःच्या जीविताची शपथ वाहून सांगतो आणि ‘फिरा, तुम्ही का मरता?’ अशी विनवणी करतो.

अर्थात प्रत्येक इशाऱ्याचा शेवट निनवेसारखा झाला नाही. यिर्मया या संदेष्ट्याने अनेक वर्षे सांगूनही यरुशलेमेने ऐकले नाही, आणि इ.स.पू. ५८६ च्या सुमारास बाबेलच्या सैन्याने मंदिरासह ते नगर जाळले. प्रीती विनवते, पण बळजबरी करत नाही, एवढेच मी येथे म्हणू शकतो. मत्तयाच्या २३व्या अध्यायात शास्त्री व परूशी या यहूदी धर्मपुढाऱ्यांना ‘हायहाय’ म्हणणारा येशूच शेवटी यरुशलेमेला उद्देशून बोलतो की कोंबडी पिलांना पंखांखाली एकवटते तसे तुझ्या मुलांना एकवटण्याची माझी कितीदा इच्छा होती, पण तुमची नव्हती.

म्हणूनच भीती घालून श्रोत्यांना कोंडीत पकडणारा उपदेश मला शास्त्राशी प्रामाणिक वाटत नाही, आणि न्यायाचा विषयच टाळणारा गोड उपदेशही वाटत नाही. प्रेषित पौलाने मिलेत येथे इफिसच्या मंडळीच्या वडिलांचा निरोप घेताना आठवण करून दिली होती की तीन वर्षे रात्रंदिवस तो अश्रू गाळत प्रत्येकाला बोध करत राहिला. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राचा लेखकही सहाव्या अध्यायातील अत्यंत कडक इशाऱ्यानंतर लगेच वाचकांना ‘प्रियजनहो’ म्हणतो, आणि सबंध पत्रात ही हाक त्याने फक्त याच ठिकाणी मारली आहे.